आकाशातल्या खुर्च्यांचा हिशेब

सहारच्या विमानतळावर आखाताकडची गर्दी मध्यरात्रीनंतर वाढत जाते. खेड, चिपळूण, महाड, श्रीवर्धनकडून निघालेल्या गाड्या संध्याकाळीच महामार्गाला लागलेल्या असतात. जाणारा एक आणि सोडायला आलेली सहा-सात माणसं, दोरीने आवळलेले खोके, ट्रॉलीवर झोपलेलं एखादं पोर. ईदच्या आधी, मे महिन्याच्या सुट्टीत, नाताळात याच माणसांना तिकिटासाठी एरवीपेक्षा कितीतरी जास्त पैसे मोजावे लागतात. एजंटाकडे विचारलं तर ठरलेलं उत्तर मिळतं: ‘सीट नाही.’

सीट का नाही? दुबईच्या कंपन्यांकडे विमानं आहेत, वैमानिक आहेत, आणखी फेऱ्या करायची तयारी तर त्या वर्षानुवर्षं जाहीरपणे सांगत आल्या आहेत. प्रवासीही रांगेत उभे आहेत. अडतं ते दिल्लीत, सफदरजंगच्या राजीव गांधी भवनात, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एका करारात. भारत आणि दुबई यांच्यातल्या या करारानुसार दोन्ही बाजूंच्या कंपन्यांना आठवड्याला प्रत्येकी सुमारे ६६ हजार जागा विकता येतात. २०१४ नंतर हा आकडा जागचा हललेला नाही. त्यानंतर आपल्याकडे किती नवे विमानतळ झाले, किती नव्या माणसांनी पहिल्यांदा पासपोर्ट काढला, याच्याशी त्या आकड्याचा काही संबंध नाही.

संयुक्त अरब अमिरातींमध्ये ३५ लाखांहून अधिक भारतीय राहतात. एवढ्या माणसांची घरी येण्या-जाण्याची किंमत एका सरकारी आकड्यावर ठरते आणि त्या आकड्यावर आपल्याकडे सार्वजनिक चर्चा जवळजवळ होतच नाही. रेल्वेची एखादी गाडी एखाद्या स्थानकावर थांबत नसेल तर खासदार रुळावर बसतात. विमानाच्या बाबतीत लोकांना मुळात ठाऊकच नसतं की थांबा मागावा लागतो, तो दुसऱ्या देशाशी घासाघीस करून मिळतो आणि तो नाकारणारं आपलंच सरकार असू शकतं.

ही व्यवस्था शिकागोत जन्मली. दुसरं महायुद्ध अजून संपायचं होतं. नोव्हेंबर १९४४ मध्ये पन्नासहून अधिक देशांचे प्रतिनिधी तिथल्या स्टीव्हन्स हॉटेलात जमले. अमेरिकेकडे तेव्हा विमानांचे ताफे आणि कारखाने होते, म्हणून तिला आकाश जितकं मोकळं होईल तितकं हवं होतं. युद्धाने पिळून निघालेल्या ब्रिटनला प्रत्येक मार्गावरच्या फेऱ्या वाटून हव्या होत्या. तोडगा निघाला नाही. ७ डिसेंबरला जो करार झाला त्याचं पहिलंच कलम सांगतं की प्रत्येक देशाचं आपल्या भूमीवरच्या आकाशावर संपूर्ण आणि एकमेव सार्वभौमत्व आहे. सहावं कलम त्यातूनच येतं: दुसऱ्या देशाची नियमित विमानसेवा त्याच्या खास परवानगीवाचून सुरू होऊ शकत नाही. ही परवानगी कशी द्यायची हे मात्र शिकागोत ठरलं नाही. ते प्रत्येक दोन देशांनी आपापसांत ठरवायचं, आणि म्हणून आज जगभर असे हजारो द्विपक्षीय करार आहेत. कोणत्या शहरातून, किती फेऱ्या, किती जागा, कोणत्या कंपन्या, हे सगळं त्यांत लिहिलेलं असतं.

बाकीच्या व्यापाराचे नियम पुढे एका छपराखाली आले. १९९४ मध्ये सेवांच्या व्यापाराचा जागतिक करार झाला, १९९५ मध्ये जागतिक व्यापार संघटना उभी राहिली. बँका, विमा, दूरसंचार यांची दारं त्या टेबलावर कमी-जास्त उघडली. विमानांच्या वाहतूक हक्कांना मात्र त्या करारातून परिशिष्ट जोडून बाहेर ठेवलं गेलं. विमानाची दुरुस्ती, तिकीटविक्री, संगणकीय आरक्षण एवढंच आत घेतलं. म्हणजे परदेशी कंपनीला आपल्याकडे साबण विकायला जितकी मोकळीक आहे, तितकी मुंबई-दुबई तिकीट विकायला नाही. कंपनीला अन्याय झाला असं वाटलं तर दाद मागायला जिनिव्हात जाता येत नाही. तिने आपल्या सरकारला सांगायचं आणि सरकारने दुसऱ्या सरकारशी बोलायचं, एवढाच मार्ग उरतो.

भारताला या व्यवस्थेचा सुरुवातीला फायदाच झाला, हे मान्य करायला हवं. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या मैदानावर छोटं पुस मॉथ विमान उतरवलं होतं. सोळा वर्षांनी, ८ जून १९४८ रोजी, ‘मलबार प्रिन्सेस’ हे एअर-इंडिया इंटरनॅशनलचं विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. स्वातंत्र्याला वर्षही झालं नव्हतं. एवढ्या नव्या देशाच्या कंपनीला युरोपात बरोबरीने उतरता आलं, कारण आपल्या आकाशाची किल्ली आता आपल्याच हातात होती आणि तिच्या बदल्यात दुसऱ्याचं दार उघडून घेता येत होतं. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं. १९६० मध्ये एअर-इंडियाचं बोइंग ७०७ लंडनमार्गे न्यूयॉर्कला पोहोचलं. त्या काळातल्या आदबीच्या आठवणी मुंबईतल्या कितीतरी घरांत अजून सांगितल्या जातात आणि त्या खऱ्या आहेत.

पण किल्ली हातात असण्याची सवय झाली की दार उघडण्यापेक्षा ते बंद ठेवण्यातच शहाणपण वाटू लागतं. पुढच्या चार-पाच दशकांत भारताचे हवाई करार एका कंपनीच्या कुवतीवर बेतले गेले. एअर-इंडियाला जितकी विमानं उडवता येतील त्याच्या जवळपास दुसऱ्या देशाला जागा द्यायच्या. एअर-इंडियाकडे विमानं कमी, म्हणून फेऱ्या कमी, म्हणून तिकीट महाग. प्रवाशाची मागणी या गणितात कुठेच नव्हती.

याच काळात दुबईने वेगळी वाट धरली. गल्फ एअरने तिथल्या फेऱ्या कमी केल्या तेव्हा राज्यकर्त्यांनी स्वतःची कंपनी काढायचं ठरवलं. २५ ऑक्टोबर १९८५ रोजी पाकिस्तानच्या पीआयएकडून भाड्याने घेतलेल्या विमानाने एमिरेट्सचं पहिलं उड्डाण कराचीला झालं. मुंबई आणि दिल्लीही तिच्या पहिल्या गावांपैकीच. मुंबईपासून दुबई साधारण १,९०० किलोमीटर, म्हणजे विमानाने तीन तासांच्या आत-बाहेर. दुबईला स्वतःची लोकसंख्या किती? म्हणून तिने दुसऱ्यांचे प्रवासी गोळा करायचं ठरवलं. मुंबईचा माणूस दुबईत उतरवायचा आणि तिथून त्याला लंडन, न्यूयॉर्क, नैरोबीला न्यायचं. हवाई व्यवहारात याला ‘सहावं स्वातंत्र्य’ म्हणतात. करारात मुंबई-दुबई लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात विकलं जातं मुंबई-न्यूयॉर्क.

भारतीय कंपन्यांचा सगळ्यात मोठा आक्षेप इथेच आहे आणि तो पोकळ नाही. एअर इंडिया अब्जावधी रुपये घालून लांब पल्ल्याची विमानं घेते आणि मुंबईहून नेवार्कला थेट उडते. शेजारचा एक छोटा देश तेच प्रवासी आपल्या विमानतळामार्गे नेतो. विमानतळ, विमान कंपनी आणि सरकार तिथे एकाच घराण्याच्या छायेत आहेत. अमेरिकेच्या तीन मोठ्या कंपन्यांनी २०१५ मध्ये आरोप केला की आखातातल्या तीन कंपन्यांना मिळून ४२ अब्ज डॉलरचं सरकारी पाठबळ मिळालं. आखाती कंपन्यांनी तो फेटाळला. २०१८ मध्ये कतार आणि अमिरातींशी अमेरिकेचे समझोते झाले. त्यांत हिशेब पारदर्शक ठेवण्याचं ठरलं आणि वाद निवळला. त्या समझोत्यांनंतर अमेरिकेच्या डेल्टाने मुंबईची थेट सेवा जाहीर केली. डिसेंबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क-मुंबई विमान सुरूही झालं, पण करोनाच्या पहिल्या लाटेने तीन महिन्यांत ते बंद पाडलं.

म्हणून मी असं म्हणणार नाही की सगळी दारं उद्या सकाळी सताड उघडा. माझा आक्षेप संरक्षण कसं दिलं जातं त्यावर आहे. आपण ते वेळोवेळी लहरीने दिलं आणि लहरीने काढलं, आणि दोन्ही वेळा किंमत प्रवाशाने भरली.

२००४ नंतरची काही वर्षं पाहा. प्रफुल्ल पटेल नागरी विमान वाहतूक मंत्री होते. १४ एप्रिल २००५ रोजी भारताने अमेरिकेशी खुल्या आकाशाचा करार केला, ज्यात फेऱ्यांना मर्यादाच नाही. आखाताच्या जागाही झपाट्याने वाढल्या. महालेखापरीक्षकांनी २०११ मध्ये एअर इंडियावरचा अहवाल संसदेत ठेवला. काही वर्षांत दुबईचा साप्ताहिक कोटा १०,४०० जागांवरून ५४,२०० वर गेल्याचं त्यांनी नोंदवलं आणि कडक शब्दांत ताशेरे ओढले. एकीकडे परदेशी कंपन्यांना अशी वाढ मिळत होती, दुसरीकडे आपल्याच खासगी कंपन्यांना २००८ पर्यंत आखाताचे मार्ग बंद होते. ते एअर इंडियासाठी राखीव ठेवले होते. त्याच्या जोडीला ‘पाच-वीस’चा नियम: भारतीय कंपनीने पाच वर्षं देशात उडायचं आणि ताफ्यात वीस विमानं दाखवायची, मगच परदेशी जायचं. इंडिगो ऑगस्ट २००६ मध्ये सुरू झाली आणि सप्टेंबर २०११ पर्यंत थांबली. त्याच सुमाराला, २००९ मध्ये, दुबई सरकारची फ्लायदुबई उडू लागली. तिला असली कोणतीही अट नव्हती आणि ती वर्ष-दीड वर्षात भारतात उतरू लागली. नियम आपल्या कंपन्या वाचवण्याच्या नावाखाली होता, पण त्याने बांधले ते आपल्याच कंपन्यांचे पाय. त्यातली पाच वर्षांची अट काढायला २०१६ उजाडावं लागलं.

विमान किती मोठं असावं यावरही बंधन होतं. दोन मजली ए-३८० विमानाला भारतात नियमित उतरायची परवानगी जानेवारी २०१४ मध्ये मिळाली. तोपर्यंत मुंबईच्या गर्दीच्या धावपट्टीवर, जिथे तासाला ४६ च्या आसपास विमानं चढ-उतार करतात, त्याच वेळेत जास्त माणसं नेणारं विमान कागदाने अडवलेलं होतं.

आणि मग २०१३. जेट एअरवेज कर्जात होती. परदेशी विमान कंपन्यांना भारतीय कंपनीत ४९ टक्क्यांपर्यंत हिस्सा घ्यायची मुभा सप्टेंबर २०१२ मध्ये मिळाली होती. नव्वदच्या दशकात टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्सला एकत्र येऊन कंपनी काढायची होती, तेव्हा हीच मुभा नाकारली गेली होती आणि तो प्रस्ताव कुजला. आता अबूधाबीची एतिहाद पुढे आली आणि २४ टक्के हिश्श्यासाठी तिने सुमारे २,०५८ कोटी रुपये देऊ केले. त्याच दिवसांत भारत आणि अबूधाबी यांच्यात बोलणी झाली आणि आठवड्याचा कोटा साधारण १३ हजारांवरून टप्प्याटप्प्याने ५० हजारांवर न्यायचं ठरलं. दोन गोष्टींची सांगड इतकी उघड होती की प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. देशाचा हवाई हक्क ही सार्वजनिक संपत्ती आहे. तो द्यायचा तर बदल्यात देशाला काय मिळतं, हे आधी मांडलं पाहिजे होतं. इथे एका कंपनीला भागीदार मिळाला. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेटचं शेवटचं विमान उडालं. हजारो कर्मचाऱ्यांचे पगार थकले, त्यात मुंबई-ठाण्यातली कितीतरी मराठी घरं होती. वाढवून दिलेला कोटा मात्र करारात तसाच राहिला.

जेट-एतिहादच्या सांगडीवरून वाद झाल्यानंतर, जेट बंद पडायच्या आधीच, सरकार दुसऱ्या टोकाला गेलं होतं. २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणाने दिल्लीभोवती ५,००० किलोमीटरचं वर्तुळ आखलं. त्याच्या पलीकडच्या देशांशी खुलं आकाश, आतल्यांशी मोजून-मापून. दुबई, दोहा, अबूधाबी, सिंगापूर, इस्तंबूल सगळी वर्तुळाच्या आत येतात. धोरण असंही सांगतं की भारतीय कंपन्यांनी आपला ८० टक्के कोटा वापरला की नव्याने बोलणी करायची. दुबईच्या मार्गावर आता दोन्ही बाजू आपापला कोटा जवळजवळ पूर्ण वापरतात. तरी बोलणी पुढे सरकत नाहीत. एअर इंडियाचा जागा वाढवायला उघड विरोध आहे. २०२२ मध्ये टाटांकडे परतलेल्या या कंपनीने पुढच्याच वर्षी ४७० विमानांची मागणी नोंदवली. ती विमानं येईपर्यंत प्रवासी दुसऱ्यांच्या हाती जाऊ नयेत, ही तिची भूमिका समजण्यासारखी आहे. समजत नाही ते सरकारचं मौन. किती वर्षं थांबायचं, कोणत्या अटीवर, हे कोणीच सांगत नाही.

दरम्यान अडकलेली शहरं आहेत. २०२२ मध्ये दुबईच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने तेव्हाचे मंत्री ज्योतिरादित्य शिंदे यांना पत्र लिहिलं. त्यात ५० हजार जास्तीच्या जागा मागितल्या होत्या आणि आठ नवी शहरं: अमृतसर, तिरुचिरापल्ली, कोइम्बतूर, कण्णूर, भुवनेश्वर, गुवाहाटी, पुणे आणि गोवा. परदेशी कंपनीला ज्या शहरात उतरायचा हक्क करारात असतो, त्याला ‘पॉइंट ऑफ कॉल’ म्हणतात. तो नसेल तर कितीही चकाचक टर्मिनल असलं तरी परदेशी विमान येऊ शकत नाही.

कण्णूरने हे भोगलं आहे. २०१८ मध्ये विमानतळ सुरू झाला, आखातात घरटी माणूस असलेला प्रदेश, आणि परदेशी कंपन्यांना तिथे येता येत नाही. संसदेच्या समितीने शिफारस करूनही मंत्रालय बधलेलं नाही.

पुण्याची गोष्ट मला जास्त लागते. लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा. तिथल्या वेळा आणि धावपट्टी यांच्या अडचणी खऱ्या आहेत. पण चाकण, रांजणगाव, हिंजवडी असा पसारा असलेल्या शहरातून आखाताला जायचं तर भारतीय कंपनीच्या मोजक्या उड्डाणांवर अवलंबून राहायचं, नाहीतर रात्री गाडी काढून घाट उतरायचा. मुंबईला पोहोचायचे तीन-चार तास, वाहतूक अडली तर त्याहून जास्त. नागपूरला दोह्याचं आणि शारजाचं परदेशी विमान येतं, पुण्याला अमिरातींची एकही कंपनी उतरत नाही. हा फरक लोकसंख्येने किंवा मागणीने पडलेला नाही, करारांच्या यादीत नाव असण्या-नसण्याने पडलेला आहे.

गोव्यात प्रश्नाला आणखी पदर आहेत. जानेवारी २०२३ मध्ये मोपाचा मनोहर विमानतळ सुरू झाला. ओमान एअर आणि कतार एअरवेज दाबोळीहून तिकडे गेल्या आणि दक्षिण गोव्यातल्या टॅक्सीवाल्यांनी, हॉटेलवाल्यांनी आवाज उठवला. त्यांची काळजी साधी होती: जागा मुळातच मोजक्या, त्याही उत्तरेला गेल्या तर आमच्याकडे काय उरणार? विमानांचा कोटा मोठा असता तर हे भांडण दोन विमानतळांमध्ये इतकं पेटलं नसतं. गोव्याने कित्येक वर्षं चार्टर विमानांवर पर्यटन उभं केलं. त्यांना नियमित सेवेसारखा जागांचा कोटा लागत नाही. पण आखातात राबणाऱ्या किंवा इंग्लंडात स्थायिक झालेल्या गोंयकाराला चार्टर विमान काय कामाचं?

हापूसचंही यात अडकतं. मालवाहू विमानांसाठी भारताने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीलाच आकाश बरंचसं मोकळं केलं होतं. २०२० मध्ये परदेशी मालवाहू चार्टरना सहा मोठ्या विमानतळांपुरतं मर्यादित केलं. दुबईला आंबा समुद्रमार्गेही जातो, पण लवकर पोहोचायला हवी ती पेटी बहुतेकदा प्रवासी विमानाच्या पोटातून जाते. प्रवासी जागांवर मर्यादा आली की पोटातल्या जागेवरही आपोआप येते. एप्रिलमध्ये भाडं का चढलं हे देवगडच्या बागायतदाराला कोणी या भाषेत सांगत नाही.

अशी कुंपणं घालणारे आपण एकटे नाही. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यातल्या १९७७ च्या करारामुळे हीथ्रोहून अमेरिकेला उडायचा हक्क दोन्हीकडच्या दोन-दोन कंपन्यांपुरताच होता. तीस वर्षं तो टिकला आणि मार्च २००८ मध्ये युरोप-अमेरिका खुल्या आकाशाने संपला. ऑस्ट्रेलियाचं उदाहरण आपल्याला जास्त उपयोगी आहे. २०२३ मध्ये कतार एअरवेजने तिथल्या मोठ्या शहरांसाठी आठवड्याला आणखी २८ फेऱ्या मागितल्या. मंत्री कॅथरीन किंग यांनी नकार दिला. तिकिटं महाग होती, लोक चिडले, क्वांटासला झुकतं माप दिल्याचा आरोप झाला. सिनेटने चौकशी समिती नेमली आणि कंपन्यांच्या अधिकाऱ्यांना सर्वांसमोर प्रश्न विचारले. सप्टेंबरमध्ये क्वांटासचे प्रमुख अ‍ॅलन जॉइस ठरल्या वेळेआधीच पायउतार झाले. पुढे कतारने व्हर्जिन ऑस्ट्रेलियात २५ टक्के हिस्सा घेतला आणि २०२५ पासून त्या कंपनीच्या नावाने कतारची विमानं दोहा-ऑस्ट्रेलिया मार्गावर उडू लागली. निर्णय बरोबर होता की चूक, यावर तिथे आजही दुमत आहे. पण जागा नाकारण्याची कारणं सांगावी लागतात, एवढं तरी तिथल्या मंत्र्यांना कळलं.

आपल्याकडे आता मुंबईला दुसरा विमानतळ मिळाला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन झालं. त्यासाठी उलव्याची टेकडी सपाट झाली, नदीचा प्रवाह वळवला, गावं उठली. सहारच्या धावपट्टीवर जागा नाही, हे इतकी वर्षं दिलं गेलेलं कारण आता लंगडं पडतं. पण पनवेलजवळची धावपट्टी दुबईचा साप्ताहिक आकडा एकाने वाढवत नाही. विमानतळ बांधायला आपण हजारो कोटी आणि लोकांच्या जमिनी दिल्या, त्याच्यावर कोण उतरणार हे अजून बंद खोलीतच ठरतं.

आकाश मोकळं करायचं तर सुरुवात महानगरांबाहेरच्या शहरांपासून करता येईल. पुणे, गोवा, कण्णूर इथून थेट लांब पल्ल्याची भारतीय विमानं जवळजवळ नाहीतच. तिथे जागा दिल्याने एअर इंडियाच्या नेवार्क किंवा लंडनच्या विमानातून फार कोणी उतरून जाणार नाही. महानगरांच्या जागा टप्प्याटप्प्याने वाढवाव्यात आणि बदल्यात दुबईत भारतीय कंपन्यांना सोयीच्या वेळा व टर्मिनलमध्ये जागा मागावी. आपल्या कंपन्यांना संरक्षण द्यायचं असेल तर त्याला तारीख असावी. अमुक वर्षापर्यंत इतकी मोठी विमानं आली, इतके थेट मार्ग सुरू झाले तर ठीक, नाहीतर कोटा उघडेल.

यातलं काहीही करण्याआधी हिशेब समोर यायला हवा. पुणे, रायगड, रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या खासदारांनी पुढच्या अधिवेशनात नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना साधे तीन प्रश्न लेखी विचारावेत: दुबई, अबूधाबी, शारजा आणि दोह्याच्या मार्गांवर मागच्या पाच वर्षांत महिन्यागणिक किती जागा भरल्या आणि सरासरी भाडं किती होतं, ५० हजार जागांच्या मागणीवर मंत्रालयाने कोणत्या अभ्यासाच्या आधारे भूमिका घेतली, आणि त्या अभ्यासात प्रवाशाच्या खिशातून जाणाऱ्या जास्तीच्या पैशाचा रकाना आहे की नाही.